माझी बाही, तुझी खिडकी

४ जानेवारी

बारके,

पत्र बघून दचकशील. दचक. ईमेल करणार होते, पण ती लिहायलाही ब्राउझरच उघडावा लागतो, आणि तेवढा मान आज त्याला द्यायची इच्छा नाही. पत्ता आईकडून घेतला. कशाला हवाय हे तिने विचारलं नाही, नुसता लिहून दिला आणि वर एक पाकीटही दिलं. म्हणजे तिला वाटतंय की मी समेटाला निघालेय. तसं काही नाही.

आज कोटवाल्या काकांकडे गेले होते. आपण दोघींनी शिंप्यांसाठी प्रोग्राम केला तेव्हा सगळ्यात आधी ज्यांनी घेतला ते. दर जानेवारीला मी नवी आवृत्ती घेऊन सगळ्यांकडे जाते, तुला माहीत आहे. पिशवीत पेन ड्राइव्ह, संगणकाच्या मागे खोचायची ती बोटाएवढी किल्ली, जिच्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही, आणि एक स्क्रूड्रायव्हर, कारण कुणाकडे ना कुणाकडे काहीतरी उघडावंच लागतं.

काकांनी मला खुर्ची दिली. चहा मागवला. मग स्वतः उभेच राहिले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"यंदा राहू द्या म्हणतो," ते म्हणाले.

"का? काही अडतंय का?"

"अडत काही नाही. पण हे बघा ना." आणि त्यांनी ब्राउझर उघडला. तोच, ज्यात ते सकाळी हवामान बघतात. वरच्या पट्टीत काहीतरी टाइप केलं आणि तुझा प्रोग्राम समोर. छाती, कंबर, पाठ, दंडघेर अशी मापं घातली आणि कोटाचे तुकडे पडद्यावर आखून आले. मोठ्या कागदावर छापायचे आणि कापायला घ्यायचं. मी जे करते तेच सगळं. फक्त किल्ली नाही, पेन ड्राइव्ह नाही आणि मी नाही.

"तुमच्या बहिणीचंच ना हे? छान आहे हो."

"घरचंच आहे," मी म्हटलं, आणि हसलेसुद्धा.

मग आपला प्रोग्राम त्यांच्या संगणकावरून मी माझ्या हाताने काढला. 'खरंच काढून टाकायचा का?' असं विचारणारी चौकट मीच लिहिली होती. 'हो' दाबलं. चहा मात्र पुरा प्यायले.

तुला आठवतं तू काय म्हणाली होतीस? "ताई, हे सगळं ब्राउझरमध्ये करू. कुणाकडे जायला नको, काही बसवायला नको." आणि मी म्हटलं होतं, ब्राउझर म्हणजे खिडकी. खिडकीतून बाहेर बघतात, खिडकीत बसून कुणी कोट शिवत नाही. मी आजही म्हणेन की तेव्हा ते खरं होतं. बातम्या वाचायच्या, अर्ज भरायचे, फार तर टपाल. एक वाकडी रेघ ओढायला सांगितली तर बिचारा धापा टाकायचा. तू मात्र हट्टाला पेटलीस, भांडलीस आणि ट्रंक भरून निघून गेलीस. आता तुझी खिडकी कोट बेतते.

घरी आले तर तुझे भावोजी म्हणाले, "डोळे का लाल? काय गेलं डोळ्यात?"

"बारकी," मी सांगितलं.

अभिनंदन करायचं म्हणून लिहायला बसले होते. ते झालं असं समज.

ताई


२१ फेब्रुवारी

बारके,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुला तीनच ओळी सुचल्या, आणि त्यातली एक "काकांना माझा नमस्कार सांग." त्यांना तूच सांग. ते तुझ्या घरात बसून काम करतात, माझ्या नाही.

जानेवारीपासून आणखी बरेच जण गेले. दारा-खिडक्यांचे पडदे शिवणारा गेला. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या त्या दोघी मैत्रिणी गेल्या. एखादा तरी माणूस भांडून गेला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळे कसे हळू आवाजात बोलतात, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई अजून माझ्याकडे आहेत. त्यांना मी काय सांगितलं ते तुझ्या कानावर येईलच, म्हणून मीच सांगते. मी म्हटलं, "बाई, तिचं सगळं नेटवर चालतं. नेट गेलं की कात्री खाली ठेवून बसायचं. आणि तुमच्या गिऱ्हाइकांची मापं कुणाच्या घरी जाऊन पडतात हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का?" बाई घाबरल्या. मला समाधान वाटलं. हे असं समाधान फार टिकत नाही एवढं खरं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पाण्याचे पाइप बदलायला रस्ता खणला आणि खणताना इंटरनेटची तार तोडली. आसपासच्या सगळ्या गल्ल्यांचं नेट बंद. लोक दारात उभे राहून फोन उंच धरत होते. आणि मी, तुझी मोठी बहीण, आरशासमोर उभी राहून केस नीट करत होते. खरं सांगते, निळा कोट घातला, तो बरा दिसतो म्हणून. मग सहज चाललेय असं दाखवत काकांच्या दुकानावरून गेले.

मनात सगळी वाक्यं तयार होती. "असू द्या काका, तात्पुरतं माझं टाकून देते. नाही नाही, त्यात काय." पिशवीत पेन ड्राइव्ह होताच.

काका कापत होते. कात्रीचा तो कापड खाणारा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पडद्यावर तुझा प्रोग्राम, आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'जोडणी नाही. काम इथेच साठवत आहे.'

"नेट नाहीये ना?" मी विचारलं.

"सकाळपासून नाही," काका म्हणाले. "पण ह्याचं काही अडत नाही. सगळं इथेच धरून ठेवतं. नेट आलं की आपोआप पाठवतं म्हणे. तुम्ही कुठे निघालात एवढ्या नटून?"

"लग्नाला," मी म्हटलं.

सकाळी अकरा वाजता, चिखलात, कोण लग्न करतंय हे त्यांनी विचारलं नाही. भले गृहस्थ आहेत.

घरी येऊन शोधलं. हे ब्राउझर आता पानं आणि कामं स्वतःच्या पोटात ठेवून घेतात. मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्या भागात, आपल्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर बघणं वेगळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू इतकी पुढचा विचार करणारी कधीपासून झालीस? शाळेत जाताना डबासुद्धा विसरायचीस. तो घेऊन मी मागे धावायची.

ताई


१४ मार्च

बारके,

हे पत्र दुकानाबद्दल नाही.

आई पडली हे तुला कळलंच असेल, आता कळतंय कसं तेही मला कळलं. न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण कंबरेला मार बसलाय, डॉक्टरांनी चालायला मनाई केलीय. भावोजींनी कुठूनतरी चाकाची खुर्ची आणली. दिवसभर त्यात बसते आणि चिडचिड करते. आयुष्यभर मशीनवर पाय चालवलेली बाई, तिला बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच.

म्हणून तिच्या हातात टॅब दिला. वाटलं, फोटो बघेल.

तुला माहीत आहे की आईने आपल्या प्रोग्रामला कधी हात लावला नाही. त्यात जे काही आहे ते तिच्याच कात्रीचं. बाही जिथे बसते तो मुंढा कसा घ्यायचा, बाहीला कुठे सैल सोडायचं, सगळं तिला विचारून विचारून मी लिहिलं. पण संगणकासमोर बसवायला गेले की म्हणायची, "नको बाई, माझ्या हातून काहीतरी मोडेल." मी किती समजावलं. अक्षरं मोठी केली, रंग बदलले, तिच्यासाठी वेगळी बटणं केली. नाहीच.

काल दुपारी चहा घेऊन तिच्या खोलीकडे गेले तर आतून हसण्याचा आवाज. मी दारातच थांबले. टॅबवर तुझा प्रोग्राम. आई बोटाने एका झग्याची कॉलर ओढत होती. आणि त्याच चित्रात दुसरा एक हिरवा ठिपका फिरत होता, त्याला शेपटीसारखं नाव चिकटलेलं. 'बारकी.'

आईने कॉलर वर नेली की ठिपका ती खाली आणायचा. आई पुन्हा वर. "अगं सोड," आई पडद्याशी बोलत होती, "तुला काही कळत नाही." आणि ठिपका गोल गोल फिरला, तू लहानपणी अंगणात फिरायचीस तसा.

मी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"रोज दुपारी येते ती," आई म्हणाली. जणू तू जिना चढून येतेस.

"मला सांगितलं नाहीस."

"तू चिडशील म्हणून."

"मी कशाला चिडू?"

आईने माझ्या हाताकडे बोट केलं. चहा कपातून बशीत सांडला होता.

मग मी न राहवून विचारलं, "माझ्या प्रोग्रामला कधी हात लावला नाहीस, मग हा कसा चालतो?"

"तुझा तो बंद डब्यासारखा वाटायचा. उघडला आणि बिघडला तर तुला बोलवावं लागणार, तू कामात. हिचं आपलं उघडतं, बंद होतं. चुकलं तर मागे जातं."

माझ्यातही मागे जाता येतं, बारके. पहिल्या आवृत्तीपासून येतं. पण हे मी आईला सांगून काय करू?

गिऱ्हाइकं नेलीस, एक वेळ चालेल. मी तिला अंघोळ घालते, गोळ्या देते, पायाला तेल लावते, आणि हसते ती एका हिरव्या ठिपक्याबरोबर. मला हे सहन होत नाही. लिहून टाकलं. फाडणार होते, पण पाकिटावर तिकीट लावून झालंय.

ताई


२ एप्रिल

तू चोर आहेस.

मी आजवर तुझा प्रोग्राम उघडला नव्हता. आज उघडला, आईच्या नावाने. खोडी काढायलाच उघडला, हे कबूल. काकांनी एकदा मला सांगितलं होतं, "बाकी सगळं उत्तम, पण बाही मात्र मी अजून हातानेच आखतो. त्यांची बाही खांद्याशी चुण्या पाडते." ते ऐकून मला केवढा आधार वाटला होता ते तुला सांगून उपयोग नाही. म्हटलं, चला, ती बाही एकदा डोळ्यांनी बघून घेऊ.

आईची मापं घातली. उजवा खांदा किंचित उतरलेला, मुंढा लहान. बाही आली ती अशी सुरेख, की मी मागे टेकून बसले. बाहीच्या माथ्यावर जी छोटी खाच असते, खांद्याच्या शिवणीला जुळवायची, ती मधोमध नव्हती. केसभर मागे होती. मुंढा लहान असला की खाच मागे न्यायची हे कुठल्याही पुस्तकात नाही. ती आईची सवय आहे. तिच्या हातातून मी उचलली आणि मी प्रोग्रामात घातली.

तरी म्हटलं, बहीण आहे, तिनेही आईला कापताना पाहिलंय. तिने स्वतः घातली असेल. मग दंडघेराच्या जागी शून्य टाकलं.

माशाची शेपटी आली.

ती माझी चूक आहे, बारके. शून्य टाकलं तर प्रोग्रामने 'माप चुकलंय' म्हणायला हवं, त्याऐवजी तो माशाच्या शेपटीसारखं काहीतरी काढतो. मी ती कधी दुरुस्त केली नाही, कारण शून्य दंडघेराचं माणूस कुठे असतं? जगात दोन जणींना एकच सवय असू शकते. दोन जणींची चूक अशी हुबेहूब असत नाही. म्हणजे तुझ्या खिडकीत जे चालतंय ते माझं आहे. अक्षरन् अक्षर.

माझं काम घेऊन माझीच गिऱ्हाइकं नेलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. उत्तर पाठवू नकोस.


१७ एप्रिल

बारके,

उत्तर पाठवलंस. आणि कागदावर, हाताने. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं.

आधी भांडणाचं. तू लिहितेस, "निघताना सगळं तूच माझ्या डिस्कवर भरून दिलंस आणि 'ने तुझा वाटा' म्हणालीस." म्हणाले होते. वाटा ने म्हणाले होते, वाटेल ते कर असं नाही. पण वाटा होता हे खरं, म्हणून 'चोर' हा शब्द मी परत घेते. बाकीची वाक्यं राहू देत.

तुझं ते मधलं पान मी अनेकदा वाचलं. बाही तू ब्राउझरच्या भाषेत नव्याने लिहिलीस, पुन्हा पुन्हा लिहिलीस, आणि दर वेळी ती खांद्याशी गोळा व्हायची. शिंपी तोंडावर काही बोलत नसत, पण गुपचूप हाताने कापतात हे तुला कळायचं. मग ब्राउझरांना जुन्या भाषांमधली कामंही चालवता यायला लागली. माझा जुना प्रोग्राम तुमच्या माणसांनी ब्राउझरला कळेल अशा रूपात बदलून घेतला आणि तो आहे तसा खिडकीत चालू लागला, माझ्या डब्यात चालायचा तेवढ्याच वेगाने. तू लिहितेस, "पहिली बाही आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन रडले. आनंदाने नाही ताई. इतकी वर्षं तुझ्यापासून लांब येऊन मी जे उभं केलं, त्यात बसली ती तुझीच बाही. जळून रडले."

हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासताना गुणगुणत होते. भावोजी म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "बारकी रडली."

मला वाटायचं हा रोग मला एकटीलाच आहे. तुला कशाची कमी? तिकडची कचेरी, टाळ्या वाजवणारी माणसं, दुपारी हसणारी आई. आणि तू तिकडे बसून माझ्या एका वाकड्या रेघेवर जळतेस. कितीतरी महिन्यांनी माझ्या पोटातलं दुखणं थोडं थांबलं.

शेपटीचंही वाचलं. तुमच्यातला कुणी ती दुरुस्त करायला गेला तर तू करू देत नाहीस म्हणे. असू दे, मग मीही काही म्हणत नाही.

आता तुझी विनंती. कोटवाल्या काकांनी तुमच्याकडे तक्रार पाठवली की चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कोट बसत नाही, हात पुढे नेले की बाही मागे खेचते आणि पाठीवर ताण येतो. बघ कसं आहे, काका माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. रोज भाजी घेताना भेटतात. आणि बाहीची तक्रार पाठवतात तुला. माझ्या बाहीची. हे वाचल्यावर दुखणं पुन्हा सुरू झालं, हे कळवते.

तू लिहितेस, त्या भागात हात घालायला तुमच्याकडे कुणी धजत नाही, तूही नाही, म्हणून मी येऊन बसावं. मी तिकडे येणार नाही. आईला सोडून कुठे येऊ? आणि तुझ्या हाताखाली तर नाहीच नाही.

ताई


९ मे

बारके,

बघते म्हणाले होते का मी? म्हणाले नव्हते. तरी बघायला घेतलं, कारण घरातच एक माणूस चाकाच्या खुर्चीत आहे आणि तिचा जुना कोट तिला खरंच आवळतो. तुझ्यासाठी म्हणून नाही घेतलं.

तू पत्रात लिहून दिलेली ती जागा ब्राउझरमध्ये उघडली. प्रोग्रामही आता ब्राउझरमध्येच लिहितात हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणत नाही, पण स्वतः बसून लिहिण्याची वेळ आली नव्हती. माझ्या संगणकावर काही बसवलं नाही. माझ्या जुन्या ओळी समोर आल्या, त्यांच्या शेजारी मी तेव्हा लिहिलेल्या टिपांसकट. "इथे आईला विचारणे." एवढी एकच टीप वाचून मी थोडा वेळ उठून गेले.

आईला दिवसभर हात पुढे करून बसवते. "हात वर. आता चाकावर ठेव. आता ढकल." ती म्हणते, "मी कंटाळले, एक पुतळा का आणत नाहीस?" पण डोळे चमकतात. तिनेच सांगितलं की बसलेल्या माणसाचा खांदा पुढे येतो, म्हणजे मुंढाच पुढे फिरवायला हवा, नुसती बाही लांब करून काही होणार नाही. मी ते नव्याने लिहिलं. पाठ रुंद केली, मुंढा फिरवला. खाच या वेळी मागे नाही, पुढे.

आणि तुझ्याबद्दल. मी लिहीत असताना तुझा ठिपका माझ्या ओळींवर येऊन उभा राहतो तो मला आवडत नाही. मागून कुणी डोकावलं की मला सुचत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. काल तू माझी एक ओळ पुसलीस. मी परत घातली. तू पुन्हा पुसलीस आणि बाजूला लिहिलंस, "ताई, हे दोनदा मोजलं जातंय." बघितलं तर खरंच दोनदा मोजलं जात होतं. तुझं बरोबर असतं तेव्हा तू जास्तच खुपतेस.

आईने टॅब मांडीवर घेतलेला असतो. परवा ती म्हणाली, "दोघी एकाच पानावर आहात, आणि भांडण चालूच." मी म्हटलं, "भांडण नाही, काम आहे." ती म्हणाली, "तुमचं ते एकच आहे."

ताई


३० मे

बारके,

कोटाची ट्रायल झाली. तू विचारायच्या आधी सांगते, कारण काका तुला कळवतील, आणि ते माझ्या आधी तुझ्यापर्यंत पोचू नये असं मला वाटतं.

कोट ज्यांचा होता त्या पोहण्याच्या तलावावरच्या शिक्षिका. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत आहेत, अजून पोरांना शिकवतात. काठावर खुर्ची लावून ओरडतात म्हणे, आणि आवाज असा की पाण्याखालीही ऐकू येतो. जिभेला हाड नाही. दुकानात शिरल्या शिरल्या काकांना म्हणाल्या, "मागचा कोट तुम्ही माझ्यासाठी शिवला होता की खुर्चीसाठी?"

मी कोपऱ्यात कापडाच्या ताग्यांशेजारी बसले होते. तू बाहीची नवी आवृत्ती चढवलीस तेव्हा काकांना काही सांगितलं नव्हतंस, त्यामुळे त्या दिवशी ते माझ्याकडे भाजीच्या पिशवीसकट धावत आले होते. "अहो, कालपर्यंत मी चित्र उघडायचो तर मुंढा सरळ यायचा. आज बसलेल्या माणसाचं म्हणून वेगळा पर्याय आलाय. रात्रीत कुणी येऊन बदललं?" मी दुकानात गेले नव्हते, पिशवी नेली नव्हती, कुणी मला खुर्ची दिली नव्हती. आणि तरी माझं काम त्यांच्या टेबलावर पोचलं होतं, आणि ज्यांना मी कधी बघितलंही नाही अशा कुठल्या कुठल्या शिंप्यांच्या टेबलांवर. मी वाट बघून, शांतपणे, कधीतरी सांगायला हवं होतं. मी तिथल्या तिथे सांगितलं. "मी केलं ते." मी काही संत नाही. त्यावर काका म्हणाले, "मग तुमच्या बहिणीने तुम्हाला कामाला लावून घेतलं हे फार बरं झालं." तो अख्खा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

तर ट्रायल. काकांनी त्यांना कोट चढवला, पाठीवरून हात फिरवला, टाचण्या तोंडात धरून मागे सरकले. बाईंनी हात चाकांवर ठेवले. पुढे ढकललं. दुकानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्या, मशीनपाशी वळल्या, परत आल्या. मग दोन्ही हात पूर्ण पुढे लांब केले, पाण्यात सूर मारताना करतात तसे, आणि तसेच धरून ठेवले. बाही जागची हलली नाही. पाठीवर एक चुणी नाही. मनगट झाकलेलं.

त्यांनी हात खाली घेतले आणि बाहीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "अपघातानंतर पहिल्यांदाच कपडा घातल्यासारखं वाटतंय. नाहीतर नुसतं गुंडाळल्यासारखं वाटायचं." आणि काकांकडे वळून, "हे केलं कुणी? तुमचं नाही हे, तुमची बाही मी ओळखते."

काकांनी टाचण्या काढल्या आणि माझ्याकडे हात केला. "ह्या आणि ह्यांची बहीण. दोघींनी."

त्या माझ्याकडे वळल्या. "दोघींनी केलंत?"

बारके, उत्तर माझ्या ओठांवर होतं. मुंढा मी फिरवला. खाच मी पुढे नेली. आईला बसवून, तिचे हात धरून, दिवसच्या दिवस मी बसले. तू एक ओळ पुसलीस. पण ती ओळ राहिली असती तर पाठ भलतीच रुंद झाली असती आणि बाई आज पुन्हा म्हणाल्या असत्या, खुर्चीसाठी शिवलात का. आणि तुझी खिडकी नसती तर ही बाही माझ्या पिशवीत पडून राहिली असती. हे सगळं मला एका क्षणात कळलं. कळलं म्हणून सोपं झालं असं समजू नकोस.

"हो," मी म्हटलं. "दोघींनी."

एवढासा शब्द, पण तोंडातून काढताना मला काय झालं ते जगात फक्त तुलाच कळेल. बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीलाही सांगा." म्हणून सांगतेय.

सोमवारपासून मी तुमच्यात आहे. इथूनच काम करीन. गणवेशवाल्या बाईंकडे काल स्वतः गेले आणि त्यांना तुझा प्रोग्राम उघडून दिला. मापं कुठे जातात तेही समजावून सांगितलं, ती भीती मीच घातली होती म्हणून. मी कुणाच्या हाताखाली नाही, हे तुझ्या माणसांना आधी सांगून ठेव. आणि प्रोग्रामात जिथे नावं येतात तिथे माझं वर घाल, तुझं खाली. वयाने मोठी आहे, तेवढं तर मिळू दे.

आई बरी आहे. आता काठी घेऊन दारापर्यंत जाते, आणि खुर्ची परत द्यायचं नाव काढलं की नको म्हणते.

खोटं लिहायचं नाही म्हणून शेवटचं. दुकानातून निघाले, पायऱ्या उतरले, आणि रस्त्यावर आल्यावर पुन्हा वाटलं की ही बाही मी एकटीनेच केली असं म्हणायला हवं होतं. मागे वळलेसुद्धा. काचेतून आत बघितलं. बाई आरशासमोर खुर्ची फिरवून स्वतःची पाठ बघत होत्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले आणि मग घरी आले.

तुझी ताई